विश्लेषण : ऊन भरपूर, पाणी खारे! वऱ्हाडातील घरासाठी सौर बंब कसा असावा?

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट भागात बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरातली पाणी तापवायची रॉड एकदा नीट पाहा. दोन-तीन महिन्यांत तिच्यावर पांढरा, टणक थर चढलेला दिसतो. हीच गोष्ट छतावरच्या सौर बंबात झाकणाआड होत असते. बंब बसवताना चौकशी होते ती किती लिटरचा, किती नळ्यांचा आणि केवढ्याचा एवढीच. पाणी कोणते जाणार, हे क्वचितच विचारले जाते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ऊन ही अडचण कधीच नव्हती. येथे बंबाचे आयुष्य पाणी ठरवते. म्हणून साध्या घरगुती बंबाची आखणीही पाण्यापासूनच सुरू व्हायला हवी.

सौर बंब चालतो कसा?

पाणी तापले की हलके होऊन वर चढते आणि गार पाणी त्याची जागा घेते. सारे यंत्र एवढ्या एका नियमावर चालते. खाली उन्हात तापणारा संग्राहक, त्याच्यावर उष्णतारोधक आवरणाची टाकी आणि दोघांना जोडणारे नळ. ऊन असेपर्यंत पाणी आपोआप फिरत राहते. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

जुन्या तांब्याच्या काही बंबांत गार पाणी ओतले की वरच्या तोटीतून गरम पाणी बाहेर पडायचे. सौर बंबातही गार पाणी टाकीच्या तळाशी शिरते आणि गरम पाणी वरून निघते. फरक इतकाच, की तेथे पऱ्हाट्या आणि तुराट्या जळायच्या, येथे ऊन काम करते. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यात टाकीच उन्हात ठेवलेली असे आणि रात्री पाणी निवून जाई. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी संग्राहक आणि टाकी वेगळी केली. आजच्या बंबाची मूळ रचना तीच आहे.

चौघांच्या घराला केवढा बंब पुरतो?

हिशेब सोपा आहे. टाकीतले पाणी ६० अंशांचे आणि नळाचे २० अंशांचे असेल, तर निम्मे-निम्मे मिसळून ४० अंशांचे अंघोळीचे पाणी होते. म्हणजे २० लिटरच्या बादलीला १० लिटर गरम पाणी पुरते. प्रत्येकी दोन बादल्या धरल्या, तरी चौघांना ८० लिटर लागते. १०० लिटरच्या बंबात भांड्यांसाठीही थोडे उरते.

१०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे पावणेपाच युनिट उष्णता लागते. वऱ्हाडातल्या निरभ्र हिवाळी दिवशी योग्य कोनात ठेवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर दिवसभरात साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. त्यातली निम्मी पाण्यात उतरते असे धरले, तर दोन चौरस मीटरचा संग्राहक पुरतो. चौघांच्या घराला २०० किंवा ३०० लिटरचा बंब गळ्यात मारला जात असेल, तर हा हिशेब समोर ठेवावा. वऱ्हाडात कडक पाण्याची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते. मोठ्या बंबाचा जादा पैसा उरलेले आठ महिने छतावर नुसता तापत राहतो.

दिशा आणि कोन कोणता?

तोंड दक्षिणेकडे. अमरावती आणि अकोला साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य येथे क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो. संग्राहक सपाट ठेवला तर त्या वेळच्या थेट उन्हाचा सुमारे ७० टक्केच भाग मिळतो. तोच ३० ते ३५ अंश उभारला तर ९५ टक्क्यांहून अधिक मिळतो. बंब हिवाळ्यासाठी असल्याने कोनही हिवाळ्याचाच धरावा.

सावलीचा अंदाज यावरूनच येतो. त्या दिवसांत दुपारी बारा वाजता भिंतीची सावली जवळपास भिंतीएवढीच लांब पडते. सकाळ-संध्याकाळी ती आणखी लांबते. चार फुटांच्या कठड्याला लागून बंब ठेवला, की ऐन थंडीत त्याचा खालचा भाग सावलीत जातो. जागा ठरवायची असेल, तर डिसेंबरमधली सावली पाहूनच ठरवावी.

खारे पाणी नेमके काय करते?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजलात क्षार जास्त आहेत. पट्ट्याबाहेरही अनेक बोअरचे पाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते.

आता ६०० कठीणपणाचे पाणी रोज १०० लिटर बंबातून गेले, तर त्यासोबत ६० ग्रॅम क्षार जातात. त्यांचा दहावा हिस्सा जरी आत चिकटला, तरी चार महिन्यांत पाऊण किलोच्या आसपास थर जमतो. पाणी जितके जास्त तापते, तितका हा थर लवकर बसतो. थर उष्णता अडवतो, मग पाणी कोमट येऊ लागते आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो.

दुसरे नुकसान टाकीचे. खारेपणातले क्लोराईड गरम पाण्यात साध्या स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रे पाडते, विशेषतः वेल्डिंगच्या जोडावर. ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हे आश्वासन गोड्या पाण्यापुरतेच खरे.

मग कोणता बंब घ्यावा?

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिला काचनळ्यांचा. दुहेरी काचेच्या नळ्यांमध्ये निर्वात पोकळी असते आणि नळ्या थेट टाकीत खोचलेल्या असतात. तो स्वस्त पडतो. नळ्या रुंद असल्याने लवकर तुंबत नाहीत, पण क्षार त्यांच्या तळाशी साचतात आणि वर्षाकाठी नळ्या काढून धुवाव्या लागतात. गारपीट आणि छतावर उड्या मारणारी वानरे हे त्यांचे दोन शत्रू. मेळघाटालगतच्या गावांत दुसरा शत्रू जास्त परिचयाचा.

दुसरा सपाट संग्राहकाचा. काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या आणि वर कडक केलेली काच. तो दणकट असतो, मात्र खारे पाणी थेट सोडले तर बारीक नळ्या तुंबतात. त्यावर उपाय बंद फेऱ्याचा. संग्राहकात एकदाच काही लिटर गोडे पाणी भरायचे. तेच फिरत राहते आणि टाकीभोवतीच्या कप्प्यातून आपली उष्णता वापरायच्या पाण्याला देते. कार्यक्षमता थोडी घटते, पण संग्राहक वाचतो. फेऱ्यात भरायला पागोळीचे स्वच्छ गाळलेले पाणीही चालते.

ढोबळ नियम असा करता येईल :

- नळाचे गोडे पाणी पुरेसे असेल तर काचनळ्यांचा साधा बंब पुरतो.
- केवळ बोअरवर भिस्त असेल तर बंद फेऱ्याचा सपाट संग्राहक घ्यावा.
- खाऱ्या पाण्यासाठी टाकी आतून काचेसारख्या मुलाम्याची असावी. तिच्यात मॅग्नेशियमची कांडी हवी. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीचा पत्रा वाचवते. ती दर दिवाळीआधी तपासावी, संपत आली असेल तर बदलावी.
- गरम पाण्याच्या वाहिनीला साधा पीव्हीसी पाइप वापरू नये, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा धातूचा पाइप घ्यावा आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढवावे.

नळ रोज येत नसेल तर?

अकोल्याला काटेपूर्णा प्रकल्पातून, अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी मिळते. वान आणि शहानूर धरणांवरील योजनांनी खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांपर्यंत गोडे पाणी नेले आहे. पण नळ रोज येत नाही. मधल्या दिवसांत छतावरच्या टाकीत बोअरचे पाणी चढवले जाते आणि तेच बंबात शिरते. गोडे पाणी गावात येऊनही बंब खाऱ्यावर चालतो तो असा.

यावर उपाय म्हणजे बंबासाठी वेगळी छोटी टाकी. रोज १०० लिटर आणि नळ चार दिवसांनी येत असेल, तर ४०० लिटर. ५०० लिटरची एक टाकी हा प्रश्न मिटवते. महागड्या बंबापेक्षा ही टाकी अनेकदा जास्त उपयोगी ठरते.

टाकीची उंचीही महत्त्वाची. गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीपेक्षा उंच हवा, नाहीतर बंब पूर्ण भरत नाही. प्लास्टिकची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असेल, तर आधी तिच्यासाठी ओटा किंवा लोखंडी चौकट करावी लागते. सपाट संग्राहकाच्या बंबात गरम टाकीचा तळही संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच असावा. नाहीतर रात्री प्रवाह उलटा फिरून पाणी निवते.

टिनाच्या घराचे काय?

१०० लिटरचा भरलेला बंब चौकटीसह दीडशे किलोच्या पुढे जातो. टिनपत्र्यावर तो ठेवता येत नाही. अशा घरांसाठी केम्पच्या काळातली रचना आजही कामाची आहे. अंगणातल्या पक्क्या ओट्यावर आतून उष्णतारोधक थर दिलेली पेटी, तिच्यात काळा रंग दिलेली ५० लिटरची धातूची टाकी आणि वर एक चौरस मीटरची काच. पडणाऱ्या उन्हाचा तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला, तरी २० अंशांचे पाणी संध्याकाळपर्यंत ४५ ते ५० अंशांवर जाते. शेतातून परतल्यावरच्या अंघोळीला ते पुरेसे आहे. सकाळी हवे असेल तर रात्री पेटीवर जाड गोधडी पांघरावी, तरीही पाणी बरेच निवते. आत क्षार साचले तरी झाकण उघडून घासता येतात, हा या रचनेचा मोठा गुण.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

एप्रिल-मे महिन्यांत छतावरच्या साध्या टाकीतलेच पाणी चटके देते. तेव्हा बंबावर जाड कापड टाकून ठेवावे. रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत दुपारी गार पाणी सोडू नये, नळ्या तडकतात. पाणी भरायचे ते पहाटे. लहान मुलांच्या अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बंबाचे पाणी ७० अंशांपर्यंतही जाते.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर?

गिझरवर १०० लिटर पाणी तापवायला रोज साधारण ५ युनिट लागतात. १२० दिवसांचे ६०० युनिट. युनिटचा दर ८ रुपये धरला तर बचत ४,८०० रुपये. हा हिशेब चार महिन्यांचाच आहे, हे विसरू नये.

दुसरीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या वीजनिर्मितीला अनुदान आहे. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन वा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये. तेवढ्याच जागेत बंब उष्णता जास्त देतो. दोन चौरस मीटर पॅनेल दिवसाला जेमतेम दोन युनिट वीज देते, बंब पावणेपाच युनिटच्या आसपास उष्णता. पण पॅनेल बारा महिने कामाला येते आणि वऱ्हाडात कूलरचे बिल गिझरच्या बिलाहून जड असते. ज्यांचे बिल उन्हाळ्यात वाढते त्यांनी आधी पॅनेलचा विचार करावा. ज्यांच्याकडे थंडीत सिलिंडर, रॉड किंवा सरपण यावर खर्च होतो, त्यांना बंब लवकर परवडतो.

व्हायला काय हवे?

पहिली गोष्ट, विक्रेत्याच्या दरपत्रकावर पाण्याचा कठीणपणा आणि क्षारांचे प्रमाण लिहिलेले असावे. त्याशिवाय हमी कागदावरच राहते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासता येते. तो अहवाल बंबाच्या खरेदीआधी हातात हवा.

दुसरी, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे, अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खारपाणपट्ट्याच्या पाण्यावर कोणती टाकी किती वर्षे टिकते, याची तपासणी येथेच होऊन निष्कर्ष मराठीत लोकांपर्यंत पोहोचायला हवेत. गोड्या पाण्यावरच्या चाचण्या वऱ्हाडातल्या ग्राहकाच्या उपयोगाच्या नाहीत.

तिसरी, घरकुल असो वा स्वतःचे बांधकाम, गरम पाण्याची वेगळी वाहिनी आणि टाकीचा उंच ओटा स्लॅबसोबतच करून घ्यावा. तेव्हा खर्च किरकोळ असतो, नंतर मात्र भिंती फोडाव्या लागतात.

तोवर प्रत्येक घराला एक चाचणी स्वतः करता येते. नवी रॉड महिनाभर वापरावी आणि मग पाहावी. पांढरा थर चढला असेल, तर बंबाचे दुकान गाठण्याआधी पाण्याची सोय करावी.