लिनक्सला नावं ठेवण्याआधी केबल बदलून बघा



लिनक्स लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट कसा तपासायचा, ते या आठवड्याच्या व्हिडिओत दाखवलंय. कुठलं बटण, कुठली कमांड, ते तिथे बघा. इथे मला थोडं वेगळं बोलायचंय. हे सगळं कुठल्या क्रमाने करायचं आणि दोष कुणाच्या माथी मारायचा, याबद्दल माझं एक ठाम मत आहे.

मत असं. मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकलाय, लुकलुकतोय, मधेच दोन सेकंद काळा पडतोय, अशा तक्रारीत लिनक्सवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायला हवा. आपण सगळ्यात आधी घेतो. घरात नवी सून आली की दूध उतू गेलं तरी तिच्याच नावावर, तसं चाललंय. आणि या सवयीची किंमत केबलच्या किमतीपेक्षा खूप मोठी आहे.

हा प्रश्न आत्ताच का आला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडे कासू, नागोठणे, पेण पट्ट्यात कितीतरी दुकानांत अजून सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप धडधाकट चालतायत. ते भंगारात काढायचे कशाला? म्हणून लोक उबंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकून घेतात. टॅलीवर सगळा हिशोब असेल त्याला हे सोपं नाही, ते मी आधीही सांगितलंय. पण ब्राउझरमध्ये बिलिंग, जीएसटी पोर्टल, शीट्स, व्हॉट्सअ‍ॅप वेब एवढंच काम असेल तर काही अडत नाही.

लॅपटॉपला नवं आयुष्य मिळालं म्हणून दुकानदार खूश होतो आणि एक मोठा मॉनिटर घेतो. खोक्यावर ‘फोर-के’ लिहिलेलं असतं. जोडला, की माउसचा बाण अडखळत चालतो, पान सरकवलं की डोळ्यांना त्रास होतो. सेटिंगमध्ये बघितलं तर ३० हर्ट्झ. निकाल लगेच लागतो: “बघा, लिनक्सवर चालतच नाही.”

यापुढे जे होतं ते मला खटकतं. कुणीतरी ओळखीचा क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतो. त्याच मशीनवर नेट बँकिंग, त्याच मशीनवर जीएसटीचं लॉगिन, त्याच मशीनवर गिऱ्हाइकांचे नंबर. आणि गंमत म्हणजे मॉनिटर तिथेही ३० हर्ट्झवरच राहतो! कारण अडचण सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच.

थोडं गणित, दुकानदाराच्या भाषेत

रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरचं चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने काढलं जातं. ६० हर्ट्झ म्हणजे ६० वेळा. (घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झशी याचा संबंध नाही. सेटिंगमध्ये ५९.९४ दिसलं तरी घाबरू नका, ते टीव्ही प्रसारणाच्या जुन्या पद्धतीतून आलंय. त्याला ६० च समजा.)

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर चौपट. मधली रिकामी वेळ धरून फुल एचडीला ६० हर्ट्झवर सेकंदाला सुमारे १५ कोटी ठिपक्यांचा माल पाठवावा लागतो. फोर-केला ६० हर्ट्झवर सुमारे ५९ कोटी.

आता रस्ता केवढा आहे ते बघा. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ वरून सेकंदाला जास्तीत जास्त ३४ कोटी जातात. ५९ कोटी त्यात मावत नाहीत. निम्मे केले, म्हणजे ३० हर्ट्झ, तर मावतात. ६० हर्ट्झचं फोर-के नेणारं एचडीएमआय २.० आलं २०१३ मध्ये, पण इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर एचडीएमआय पोर्ट बहुतेक वेळा १.४ चाच असतो. टेम्पोत मावेल तेवढाच माल जाणार. ड्रायव्हर बदलून टेम्पो मोठा होत नाही.

यूएसबी-सी हबचंही तसंच. स्वस्त हब एकाच वायरमधून पेन ड्राइव्हचा वेगवान डेटा आणि चित्र दोन्ही नेतो. चारपैकी दोन लेन डेटाला दिल्या की चित्राला दोनच उरतात, आणि जुन्या लॅपटॉपवर फोर-के पुन्हा ३० वर येऊन बसतं. हबच्या खोक्यावर बारीक अक्षरात ‘फोर-के ३० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं. आपण फक्त ‘फोर-के’ वाचतो.

तीन प्रकारचे पेशंट

सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडा आणि बाहेरच्या मॉनिटरसमोर रिफ्रेश रेटची यादी बघा. टर्मिनलमधून बघायचं असेल तर एक्स, आर, ए, एन, डी, आर ही अक्षरं छोट्या लिपीत टाइप करून एंटर दाबा. प्रत्येक आकारासमोर रेट येतात. ज्याच्यापुढे चांदणी तो चालू, ज्याच्यापुढे अधिकचं चिन्ह तो मॉनिटरच्या पसंतीचा.

पहिला प्रकार: ६० यादीत आहे, पण निवडलेला नाही. निवडा. झालं. पैसे वाचले.

दुसरा प्रकार: ६० यादीतच नाही. मॉनिटर आपली ओळख एका छोट्या माहितीतून लॅपटॉपला सांगतो, तिला ईडीआयडी म्हणतात. ती ओळख नीट पोचली नाही किंवा मधला एखादा दुवा कमी ताकदीचा असला, की यादी आखूड होते. जुनी व्हीजीए केबल, स्प्लिटर, कन्व्हर्टर यांच्यात हे नेहमीचं. मोठा मॉनिटर १०२४ गुणिले ७६८ वर आला तर ओळखच पोचलेली नाही असं समजा.

तिसरा प्रकार: ६० यादीत आहे, निवडता येतो, पण निवडल्यावर पडदा लुकलुकतो किंवा काळा पडतो. इथे दोन्ही टोकं तयार आहेत, मधली केबल माल झेपवू शकत नाही. आपल्या कोकणातल्या दमट हवेत कनेक्टरवर गंज चढतो, तेही तपासा. काउंटरवरचा फ्रीज चालू होताना पडदा झपकत असेल तर केबलचं आवरण आणि दुकानाचं अर्थिंग, दोन्हींवर संशय घ्या.

कुठला प्रकार आहे हे कळलं की अर्धं काम झालं. ते न बघता जो माणूस थेट ड्रायव्हर टाकायला बसतो, तो नाडी न बघता इंजेक्शन देतोय.

माझा क्रम

१. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा आणि माहितीच्या पानावर खरंच किती हर्ट्झ येतायत ते वाचा. त्याच मेनूत काही मॉनिटर एचडीएमआयचा जुना किंवा नवा मोड निवडायला देतात. तो जुन्यावर अडकला असेल तर बदला. टीव्हीला मॉनिटर केलं असेल तर हे आधी बघा.

२. केबल बदला. दोन मीटरच्या आतली, ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणपत्राचं लेबल असलेली घ्या. दुकानात “२.० ची केबल द्या” असं मागतात, पण केबलवर खरं तर वेगाचा गट लिहिलेला असतो, तो वाचा.

३. हब, स्प्लिटर, कन्व्हर्टर सगळं बाजूला काढा आणि थेट जोडा.

४. लॅपटॉपचा दुसरा पोर्ट वापरून बघा. छोटा डिस्प्लेपोर्ट असेल तर सोनं आहे. त्याची १.२ आवृत्ती फोर-के ६० वर नेते.

५. तीच केबल, तोच मॉनिटर, पण दुसरा लॅपटॉप. तिथे ६० आले तर अडचण तुमच्या लॅपटॉपच्या बाजूला आहे.

६. आता लिनक्सकडे या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे चालू झालं ते कधीच कळत नाही. विनाकारण घेतलेल्या दोन वस्तू मात्र घरात राहतात.

लिनक्सचा दोष कुठे असतो

मी लिनक्सची वकील नाही. काही ठिकाणी दोष खरंच त्याच्या बाजूला असतो.

एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये बाहेरचा पोर्ट बरेचदा त्या कार्डाला जोडलेला असतो. तिथे योग्य ड्रायव्हर नसेल तर मॉनिटर त्रास देतो. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका.

लॅपटॉपचा पडदा ६० चा आणि बाहेरचा १४४ चा असेल, तर जुन्या एक्स-ऑर्ग सेशनमध्ये दोघांची सांगड नीट बसत नाही आणि १४४ वाला ६० सारखा वागतो. वेलँड सेशन प्रत्येक पडद्याला वेगळं सांभाळतं. उबंटू बऱ्याच काळापासून वेलँडवर आहे, मिंटचं नेहमीचं सेशन मात्र एक्स-ऑर्गचं असतं. आणि वेलँडवर वरच्या कमांडने रेट बदलायला जाऊ नका, तिथे बदल सेटिंगमधूनच करायचा.

डिस्प्लेलिंकवाले डॉक वेगळा ड्रायव्हर मागतात आणि कर्नल अपडेट झाल्यावर कधीकधी रुसतात. आणि एएमडीचं कार्ड असेल तर हेही माहीत असू द्या: एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर आणायचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचं २०२४ मध्ये बाहेर आलं. फोर-के १२० वर चालवायचं असेल तर अशा मशीनला डिस्प्लेपोर्ट वापरणं शहाणपणाचं.

ड्रायव्हरचा संशय असेल तर पेन ड्राइव्हवर नवीन उबंटू घेऊन इन्स्टॉल न करता चालवून बघा. तिथे ठीक चालत असेल तर हार्डवेअर निर्दोष. कमांडने जबरदस्तीने नवा रेट घुसवण्याचा मार्गही आहे, व्हिडिओच्या शेवटी दाखवलाय. पण तो अगदी शेवटचा. मॉनिटरला न झेपणारा रेट दिला तर तो ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो, आणि कमांडने केलेला बदल रीस्टार्टनंतर टिकतही नाही.

मग विकत काय घ्यायचं?

बिलिंगच्या काउंटरला ६० हर्ट्झ भरपूर झाले. १४४ चा मॉनिटर गेम खेळणाऱ्याला लागतो, बिल बनवणाऱ्याला नाही. पण ३० वर दिवसभर काम करू नका. बाण अडखळला की चुकीच्या ओळीवर क्लिक होतं, आणि बिलात चुकीची ओळ म्हणजे पैसे.

जुना लॅपटॉप असेल तर फुल एचडी मॉनिटर घ्या. फार तर २५६० गुणिले १४४० चा. त्याला ६० हर्ट्झवर सुमारे २४ कोटी लागतात, ते जुन्या एचडीएमआयच्या मर्यादेत बसतं. फोर-के आधीच घेतलाय? मग तो १९२० गुणिले १०८० वर ६० हर्ट्झने चालवा. एका ठिपक्याच्या जागी बरोबर चार ठिपके येतात, त्यामुळे अक्षरं मोठी आणि वाचता येतील अशी राहतात. मॉनिटर परत करायची गरज नाही.

आणि आता माझ्यासारखं दुकान चालवणाऱ्यांना. मॉनिटर विकताना गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: “लॅपटॉप कुठला आहे?” मग बिलावर लिहून द्या, या लॅपटॉपवर हा मॉनिटर इतक्या हर्ट्झवर चालेल. कासूच्या माणसाला एक केबल बदलायला पेण किंवा पनवेल गाठावं लागतं. गाडीची वेळ बघा, हायवेचा ट्रॅफिक बघा, दुकान बंद ठेवा. त्याचा एक दिवस वाचवणारा दुकानदार तो विसरत नाही. सूट देऊन गिऱ्हाईक एकदा येतं, असं लिहून दिलं की पुन्हा येतं.

या आठवड्याचं काम: आपापल्या मॉनिटरच्या मेनूत जाऊन खरे हर्ट्झ बघा आणि केबलवर काय छापलंय ते वाचा. दोन मिनिटं लागतात. ३० दिसले तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.

पुढच्या आठवड्यात थर्मल प्रिंटर आणि लिनक्स. भेटूया!