चकाकी रफारावर पडते तेव्हा

गणपतीचा हंगाम जवळ आला की पेणचे मूर्तिकार रंगकामाला लागतात आणि त्यांची संकेतस्थळं सांभाळणारी आपली मंडळी बटणांना. 'मूर्ती नोंदवा' हे बटण आता पुन्हा चकचकीत मागितलं जाणार. २०१३च्या आयओएस ७पासून सपाट झालेला पडदा ॲपलने जून २०२५मध्ये 'लिक्विड ग्लास' आणून परत काचेचा केला, आणि अशी फॅशन पेणजवळच्या हमरापूर-जोह्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ग्राहकाला नाही म्हणू नका. चकाकीत वाईट काही नाही. जानेवारी २०००मध्ये मॅकच्या ॲक्वा रूपाची बटणं दाखवताना ती बघणाऱ्याला चाटावीशी वाटावीत, अशी स्टीव्ह जॉब्सची इच्छा होती!

गोची आहे ती कृतीत. गिंप असो वा फोटोशॉप, सगळे तेच करतात: गोल कोपऱ्यांचा आयत, गडद ग्रेडियंट, तीच निवड दोन-तीन पिक्सेल आत घेऊन नवा थर, आणि वरच्या अर्ध्या भागात पांढऱ्याकडून पारदर्शकाकडे उतरणारा झोत. ही कृती रोमन अक्षरांसाठी बेतलेली. आपली शिरोरेषा, मात्रा, अनुस्वार, सगळा संसार वरच्या मजल्यावर. 'मूर्ती'तला रफार तर दुसऱ्या वेलांटीला खेटून बसतो. झोतात तो विरला की जे उरतं, ते गणपतीच्या दारात मोठ्याने वाचवत नाही.

आकडेच पाहा. लाल १९४, हिरवा ६५, निळा १२ अशा शेंदरी रंगावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ५.२ भरतो. त्यावर ४० टक्के पांढरा थर चढवला की तो २.६वर येतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषात साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. आपण मोजतो मूळ रंगावर. मोजायचं असतं सर्वांत उजळ जागी.

पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच जाते. बुबुळ जागेवर बसल्याशिवाय त्यातला पांढरा ठिपका पडत नाही. आपण उलटं करतो: आधी चकाकी, मग उरलेल्या जागेत अक्षरं.

तेव्हा मजकूर आधी टाका. फोटोशॉप जुनं असेल तर वर्ल्ड-रेडी मांडणी निवडा, नाहीतर पहिली वेलांटी भलतीकडे जाते. रफाराच्या माथ्यापर्यंतची जागा मोजा आणि झोत त्याच्या वरच संपवा. बटण थोडं उंच झालं तर होऊ द्या. चकाकीची पट्टी निमुळती झाली म्हणून कुणी मूर्ती परत करत नाही. रचना पटली की चित्र न चिकटवता तोच ग्रेडियंट सीएसएसमध्ये उतरवा. मराठी फॉन्टच्या भीतीने अक्षरं चित्रात गोठवण्याचे दिवस युनिकोडने कधीच संपवले. तरी ही सवय काही जात नाही.

आणि तपासणी स्टुडिओतल्या मॉनिटरवर नको. दुपारच्या दिवा-रोहा मेमू गाडीत उन्हाच्या बाजूची खिडकी धरा, फोनचा उजेड निम्म्यावर आणा आणि शेजारच्या प्रवाशाला बटण वाचायला सांगा.