शेतीसहल सायकलवरून का असावी?

शेतकऱ्याने दुसऱ्याचे शेत पाहावे, पाहून आपल्या शेताशी ताडून पाहावे आणि मग निर्णय घ्यावा, हा शेतीसुधारणेचा जुना व सिद्ध मार्ग होय. याच हेतूने दरवर्षी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या अभ्याससहली निघतात. त्यांवर पैसा खर्च होतो, कामाचे दिवस खर्ची पडतात, परंतु हाती काय लागते याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मोहोळसारख्या तालुक्यात तरी हा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. कारण फळबागेत केलेली चूक एका हंगामात दुरुस्त होत नाही. ज्वारीचे बियाणे चुकले तर एक वर्ष जाते. डाळिंबाची जागा चुकली तर चार-पाच वर्षे, काढलेले कर्ज आणि घरातील मनुष्यबळ, सर्वच जाते.

हल्लीच्या सहलीचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. पहाटे मोटार निघते. दीडदोनशे किलोमीटरचा रस्ता झोपेत किंवा गप्पांत सरतो. एका नामांकित बागेच्या फाटकाशी मंडळी उतरतात, फळांनी लगडलेली झाडे पाहतात, छायाचित्रे काढतात, तासाभरात पुन्हा गाडीत बसतात आणि परतताना वाटेवरील रोपवाटिकेतून कलमे घेऊन येतात. त्या बागेखालची जमीन किती खोल आहे, पाण्याचा निचरा कोणत्या बाजूस होतो, शेजारच्या शेतात तेच झाड का लावलेले नाही, हे प्रश्न विचारले जात नाहीत. मोटारीच्या खिडकीतून जमीन दिसत नाही, फक्त हिरवळ दिसते. फळ पाहून भुललेला शेतकरी तीच कलमे आपल्या भारी काळ्या रानात लावतो आणि पुढे मुळे कुजून झाडे वाळू लागली की नशिबाला दोष देतो.

यास्तव येथे एक सूचना विचारार्थ मांडावयाची आहे. फळझाडांच्या अभ्यासाची सहल, निदान तरुण शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांच्यापुरती, सायकलवरून काढावी. ही सूचना हौसेची नाही. सायकलस्वार चढ मांड्यांनी ओळखतो आणि उतार वाऱ्याने. काळ्या जमिनीतून मुरमाड माळाकडे रस्ता कोठे वळला, विहिरींची खोली कोठे वाढली, बांधावरचे बाभळीचे झाड जाऊन सीताफळीची झुडपे कोठे सुरू झाली, हे त्याला आपोआप समजते. वाटेत कोठेही एक पाय टेकून थांबता येते आणि बांधावरच्या माणसाला रामराम घालता येतो. जेथे हंगाम फसला आहे अशा शेताशीही तो थांबतो. मोटारीची सहल मात्र यशाच्या फाटकाशीच थांबते.

ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, तेव्हा ग्रामसेवकाचे वाहन सायकल हेच होते. दहा-बारा गावांचा परिसर तो तिच्यावरून फिरत असे, आणि कोणत्या शिवारात कोणते पीक कसे आहे हे त्याला कागद न पाहता सांगता येई. आज मोटारसायकल आहे, दूरध्वनी खिशात आहे. त्यांची सोय कोणी नाकारू नये. परंतु वेग वाढला तसे शिवाराशी असलेले डोळ्यांचे नाते सैल झाले, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष मार्गाचा विचार करू. मोहोळच्या मंडळींना डोंगरी फळप्रदेश पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मोहोळहून वैरागमार्गे बार्शी, तेथून बालाघाटच्या रांगेत येडशी, पुढे धाराशिव व तेर, असा रस्ता धरला तर तीन दिवसांच्या सहलीत जमीन, फळ आणि वारसा या तिन्ही गोष्टींचा पाठ मिळतो.

आरंभ मोहोळातच करावा. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण १९३० नंतरच्या दशकात येथेच स्थानिक ज्वारीतून निवड पद्धतीने काढण्यात आला, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याची भाकरी व त्याचा कडबा यांची मागणी टिकून आहे. परगावचे न आणता आपल्याच रानातील उत्तम ते निवडावे, हा धडा त्या वाणाने दिला आहे. गावातील नागनाथाचे मंदिर आणि जवळच्या वडवळची नागनाथाची परंपराही याच मातीतील आहे. आपल्या गावचा वारसा न पाहता परगावचा पाहावयास निघणे बरे दिसत नाही.

पहिल्या दिवसाचा मजल बार्शीपर्यंतचा, सुमारे पन्नास किलोमीटरचा. काळी खोल जमीन, ऊस, द्राक्षाचे मांडव आणि ज्वारी हे या वाटेवरचे चित्र. द्राक्षाच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याने दुसऱ्याकडून केवळ घेतले नाही, दिलेही आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथील बागाईतदार कै. नानासाहेब काळे यांनी आपल्याच बागेत डोळसपणे निवड करून सोनाका हा वाण पुढे आणला. कोणती काडी वेगळी आहे हे त्यांना दिसले, कारण ते वेलीजवळ थांबत होते. बार्शीत मुक्काम करून सकाळी भगवंताचे हेमाडपंती मंदिर पाहावे. याच बार्शीस १८९७ साली कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या बार्शी लाईट रेल्वेची अरुंद मापाची गाडी प्रथम आली. या भागातील माल बाहेरच्या बाजारपेठेस जोडण्याचे काम त्या छोट्या गाडीने केले. आज त्याच मार्गावर रुंद मापाचे रूळ आहेत.

दुसऱ्या दिवशी खरी शाळा भरते. बार्शीहून पूर्वेकडे जाताना रस्ता चढू लागतो, जमीन उथळ व मुरमाड होत जाते आणि सीताफळाची झाडे नजरेत भरतात. बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळ आपण होऊन वाढते. याच डोंगररांगेतील बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हलकी जमीन, मोजके पाणी आणि उन्हाळ्यात पानगळ करून विश्रांती घेणारे झाड, अशी ही जोडी आहे. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील श्री. नवनाथ कसपटे यांनी निवडीने विकसित केलेल्या एन.एम.के.-१ गोल्डन या वाणाची नोंदणी २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्यानुसार झाली आहे. मोठे फळ, कमी बिया व अधिक टिकाऊपणा यांमुळे तो दूरवर पसरला. मोहोळच्या शेतकऱ्याने तेथे फळाच्या आकारापेक्षा पायाखालच्या मुरमाकडे अधिक लक्ष द्यावे, एवढीच विनंती आहे. पुढे येडशीजवळ रामलिंगाचे मंदिर दरीच्या कुशीत आहे. सभोवार अभयारण्य असल्याने तेथे कचरा टाकू नये, माकडांना खाऊ घालू नये. झाडांनी धरून ठेवलेली डोंगराची माती खालच्या शेतास काय देते, हे तेथल्या ओढ्याकाठी उभे राहिल्यावर कोणीही समजून घेईल.

तिसऱ्या दिवशी धाराशिवची प्राचीन लेणी व तेर. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तान्तात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. येथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जाई व तेथून समुद्रापार. विटांचे त्रिविक्रम मंदिर, संत गोरोबाकाकांचे स्थान आणि लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय पाहावे. मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती कलाकाम आणि उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट येथे जतन केलेली आहे. शेतकऱ्याने हे का पाहावे, असे कोणी विचारील. दोन हजार वर्षांपूर्वी याच कोरडवाहू मुलखातील माल रोमपर्यंत जात होता आणि त्या व्यापारावर येथे कारागीर पोसले जात होते, हे ज्याने पाहिले तो ‘आमच्या भागात काय पिकणार’ असे सहसा म्हणणार नाही. परतीसाठी धाराशिवहून कुर्डुवाडीमार्गे आगगाडीची सोय होऊ शकते. सायकली नेण्यासंबंधी स्टेशनवर आधी चौकशी करावी.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठी वाखाऊ नावाची दरी आहे. उतारांवर दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांवर द्राक्षे व जर्दाळू, आणि दरीच्या तोंडाशी मेल्क येथील भव्य मठ. २००० साली युनेस्कोने या प्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा दिला. नदीकाठच्या सायकलमार्गावरून प्रवासी येतात, शेतकऱ्याच्या दारात थांबतात व त्याच्याच हातून फळ आणि मुरंबा विकत घेतात. तो रस्ता, ती बाजारपेठ आपल्याकडे नाही. परंतु फळ आणि वारसा एकाच वाटेवर असतील तर दोहोंचे मोल वाढते, हा विचार येथेही लागू पडतो. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहेच.

या सूचनेवर तीन आक्षेप येतील व ते योग्य आहेत. पहिला वेळेचा. तीन दिवस कोणास आहेत? परंतु ज्या बागेत पंधरा वर्षांचे आयुष्य व लाखांची रक्कम गुंतवावयाची, तिच्यासाठी तीन दिवस जास्त कसे? दुसरा आक्षेप धोक्याचा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, महामार्गावर वाहने वेगाने धावतात. म्हणून पुणे-सोलापूर महामार्ग टाळावा, दिवस मावळल्यावर सायकल चालवू नये, दहा-बारांहून अधिकांचा जथा करू नये आणि प्रत्येक सायकलीस मागे परावर्तक पट्टी असावीच. वृद्धांसाठी, तसेच ज्या भगिनींना सायकलने जाणे सोयीचे नाही त्यांच्यासाठी, सोबत एखादे वाहन ठेवावे. सायकल येत नाही म्हणून कोणीही शिक्षणास मुकता कामा नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो डाळिंब बागाईतदारांचा आहे. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण तेल्या, मर व खोडकिडा यांनी किती बागा उखडावयास लावल्या हेही सर्वांनी पाहिले आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग ओल्या पानांवरून, हातांतून व कात्रीतून पसरतो. पाहुणे एका बागेतून दुसऱ्या बागेत हिंडू लागले तर ज्ञानाबरोबर रोगही नेतील. तेव्हा नियम कडक असावेत. सायकल बागेबाहेर ठेवावी. पावसाने किंवा दवाने झाडे ओली असता आत जाऊ नये. फांदीस, फळास हात लावू नये. रोगट बाग पाहावयाची तर ती दिवसाच्या शेवटी, आणि तीही बांधावरूनच. मालकाने नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नये. तो आपल्या पोटास जपत आहे. कार्तिकाचा उत्तरार्ध हा काळ त्यामुळे सोयीचा. पाऊस सरलेला असतो, सीताफळाचा शेवटचा तोडा चालू असतो, मृग बहराचे डाळिंब रंगावर येत असते व ज्वारी वाढीस लागलेली असते. दव मात्र पडते. म्हणून बागेत ऊन चढल्यावरच जावे.

आणखी दोन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. नामांकित शेतकऱ्याच्या घरी वर्षभर पाहुण्यांची रीघ लागते. चहा, जेवण, मजुरांचा मोडलेला वेळ, हा भार तो एकटा सोसतो व भिडेस्तव बोलत नाही. सहलीने जेवणाचे पैसे द्यावेत, फळ विकत घ्यावे. आतिथ्य आणि फुकटेपणा यांतील अंतर कार्यकर्त्यांनीच प्रथम पाळावे.

दुसरा आग्रह असा की सहलीत रोपांची खरेदी पूर्ण वर्ज्य असावी. जे पाहिले ते वहीत लिहून आणावे. परत आल्यावर आपल्या शेतात तीन फूट खोल खड्डा घ्यावा, एकेका फुटाच्या थरातील माती वेगळी काढून तिची तपासणी करून घ्यावी, चुनखडी व निचरा पाहावा. मोहोळचे कृषी विज्ञान केंद्र आणि सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हाताशी आहेत. त्यांचा सल्ला घ्यावा. पुष्कळदा उत्तर असे येईल की या रानात फळबाग नको, मालदांडीच बरी. त्या उत्तरासाठी तीन दिवस सायकल मारली तर ती व्यर्थ गेली असे मुळीच समजू नये. वाचलेले कर्ज हेही उत्पन्नच होय.

येत्या कार्तिकात प्रत्येक मंडळातून एक तरी असा लहान जथा निघावा. त्याला समारंभ नको, फलक नको, हारतुरे नकोत. हवा भरलेली चाके, पाण्याची बाटली, एक वही, आणि वाटेवरच्या माणसाला विचारण्याजोगा एक प्रश्न एवढे साहित्य पुरे आहे.