तेलाची दोन फाटकं

धानोऱ्याच्या पोरांची पत्रं येऊन पडलीत. एक बी.एस्सी. झालाय, एकाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, एक बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसलाय. सवाल सगळ्यांचा एकच : तेल कंपनीत कसं लागायचं? शिकवणीवाले पंडित म्हणतील, आत्मविश्वास ठेवा, इंग्रजी सुधारा, टाय बांधा. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल ओढतो. पण जवाहर द्वीपाला टँकर लागतो, कच्चं तेल पाइपातून माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं, आणि या धंद्यात कोण कुठल्या फाटकातून आत शिरतो, हे मी रोज बघतो. म्हणून हे संपादकीय पोटाच्या सवालावर.

पहिली गोष्ट. तेल मुंबईलाच आहे असं समजू नका. नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली की पलीकडे हजिऱ्याला ओ.एन.जी.सी.चा वायू कारखाना. थोडं वर अंकलेश्वर, तिथं 1960 साली तेल लागलं. पुढं वडोदऱ्याजवळ कोयलीची रिफायनरी, 1965 पासूनची. तुमची तापी प्रकाशावरून वाहत हजिऱ्याजवळच समुद्राला मिळते. समुद्रातल्या वायूक्षेत्रालाही या शहाण्यांनी तापीचंच नाव दिलं. नदी तुमची, नाव तुमचं, आणि 2011 च्या शिरगणतीत दर शंभरात 69 आदिवासी असलेल्या या जिल्ह्यातनं माणसं त्या गाडीनं जातात ती कशाला? ऊस तोडायला. विटा पाडायला.

दुसरी गोष्ट. तेलाच्या प्रत्येक कारखान्याला दोन फाटकं असतात. एक पक्कं, एक ठेकेदाराचं. आतलं तेल एकच, आग एकच, वासही एकच. पण माणूस एक नाही.

पक्क्या फाटकाची किल्ली परीक्षा आहे. इंजिनिअर, भूगर्भशास्त्राचा किंवा रसायनाचा एम.एस्सी. असाल तर ओ.एन.जी.सी.ची अधिकारी भरती बघा. ती कधी 'गेट' परीक्षेच्या गुणांवर होते, कधी कंपनीच्या स्वतंत्र परीक्षेवर. जाहिरात नीट वाचा. भौतिक, रसायन, गणित घेऊन बी.एस्सी. केलं असेल किंवा केमिकलचा डिप्लोमा असेल तर इंडियन ऑइलच्या रिफायनऱ्यांतली ज्युनिअर इंजिनिअरिंग असिस्टंटची जागा बघा. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमावाल्यांना देखभालीची खाती आहेत. बी.ए., बी.कॉम. वाल्यांनो, तुम्हाला खोटं सांगत नाही : वाट अरुंद आहे. कचेरीतल्या जागा थोड्या, उमेदवार उदंड. नुसत्या तेलाच्या भरवशावर बसू नका.

या फाटकावर घटना उभी आहे. देशपातळीवरच्या खुल्या भरतीत अनुसूचित जातींना 15 टक्के, जमातींना साडेसात टक्के. वयात पाच वर्षांची सूट. ओ.एन.जी.सी. आपल्याकडून अर्जाची फीही घेत नाही. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. 1942 साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयपुढं आपली गाऱ्हाणी मांडली, तेव्हा नुसती कारकुनी मागितली नाही. तांत्रिक शिक्षणाची सोय मागितली. यंत्र ज्याच्या हातात, त्याला उद्या कुणी फाटकाबाहेर उभं करू शकत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

दोन फाटकांच्या मधे अ‍ॅप्रेंटिसची फळी आहे. तीवर जरूर चढा. हात यंत्राला लागतो, विद्यावेतन मिळतं, प्रमाणपत्र मिळतं. पण ती नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर पक्कं करायचं बंधन कंपनीवर नाही. गावात पेढे वाटू नका, त्या वर्षात परीक्षेचा अभ्यास करा.

आता ठेकेदाराचं फाटक. इथं आरक्षण नाही, परीक्षा नाही, जाहिरातही नाही. मुकादमाला माणूस हवा असतो, पदवी नको. मी स्वतः याच फाटकातला. सेफ्टी बूट पक्क्याला कंपनीचे, आम्हाला चोरबाजारातले. 1970 साली ठेका कामगारांचा कायदा आला, त्याच्या नावात 'निर्मूलन' हा शब्द होता. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या श्रमसंहितेच्या नावातनं तो शब्दच गेला. निर्मूलन झालं ते शब्दाचं.

आणि हे फाटक जीवही घेतं. 17 मे 2021. तौक्ते वादळ. मुंबई हायच्या कामावरचा पी-305 नावाचा बार्ज बुडाला. वर 261 माणसं होती. सत्तरच्या वर मेली. बहुतेक ठेक्यावरची. वादळाचा इशारा आधी आला होता, तरी बार्ज समुद्रातच होता.

तरी पोट थांबत नाही. जावंच लागलं तर नेमणुकीचा कागद घेऊन जा. भविष्यनिर्वाह निधीचा नंबर मागा, विमा मागा. समुद्रावर पाठवत असतील तर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण झाल्याशिवाय बोटीत पाय टाकू नका. आणि 'पाच लाख द्या, पक्कं करतो' म्हणणारा दलाल भेटला तर जमीन विकू नका, त्याला पोलिसांत द्या. खरी जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते, दलालाच्या खिशात नसते.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. 2019 साली सरकारनं भारत पेट्रोलियममधला आपला 52.98 टक्के हिस्सा विकायला काढला. 2022 साली तो सौदा गुंडाळावा लागला. झाला असता तर? खाजगी मालकाला आरक्षणाचं बंधन नाही. पक्कं फाटक एका सहीनं आपल्यापुरतं बंद झालं असतं, आणि अभ्यास करून बसलेली आपली पोरं मुकादमाच्या रांगेत दिसली असती. म्हणून नुसता अभ्यास करून भागणार नाही. सरकारी कंपनी विकायला निघाली की ती आपली भाकरी विकायला निघाली, हे ओळखून रस्त्यावर यावं लागेल.

तोवर केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला प्रांत कचेरीतून काढून ठेवा. जाहिरात आल्यावर धावू नका, आजच काढा. आणि यातलं कुणी पक्क्या फाटकातून आत गेलं, तर बाहेर ठेक्यावर उभा असलेला आपलाच भाऊ आहे, हे विसरू नका. त्याच्या बुटांसाठी युनियनमधे पहिला आवाज तुमचा निघाला पाहिजे.