वॉचमनला कायमची बंदी, नेत्याला फक्त सहा वर्षं?

परवा पार्क चौकात चहाच्या गाड्यावर एक ओळखीचा पोरगा भेटला. वय ३१, दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "दादा, वॉचमनची नोकरीपण गेली हो."

झालं काय, तर बारा वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेत मारामारी झाली होती. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. गुन्हा कबूल केला, दंड भरला, मोकळा झाला. म्हणजे मोकळा झालो असं त्याला वाटलं! आता एमआयडीसीत सिक्युरिटी गार्ड म्हणून लागायला गेला, तर चारित्र्य पडताळणीत तीच केस वर आली. एजन्सीने हात वर केले.

एजन्सीला शिव्या देऊन उपयोग नाही. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. त्याचं कलम १० सांगतं की कोर्टात दोषी ठरलेल्या माणसाला गार्ड म्हणून ठेवायचं नाही. गुन्हा कुठला, किती वर्षं झाली, हे ते कलम विचारतच नाही. दरोडा आणि यात्रेतली हाणामारी, दोन्ही एकाच पारड्यात.

आता दुसरा कायदा बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ८. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर नेता अपात्र, पण सुटून आल्यावर सहा वर्षं गेली की पुन्हा फॉर्म भरायला मोकळा. २०१३ पर्यंत तर आमदार-खासदाराने मुदतीत अपील केलं की खुर्ची शाबूत राहायची. ती सवलत सुप्रीम कोर्टाने उडवली. खटला नुसता चालू असेल तर आजही काहीच अडत नाही. निवडून यायचं, मंत्री व्हायचं, गोपनीयतेची शपथ घ्यायची आणि सरकारच्या गुप्त फायली वाचायच्या. त्याच मंत्र्याच्या ऑफिसातल्या शिपायाची मात्र पोलीस पडताळणी!

म्हणजे फाईल उघडणाऱ्याला सूट आणि गेट उघडणाऱ्याला बंदी. हा कुठला न्याय?

काही जण म्हणतील, मग काय गुन्हेगारांच्या हातात चाव्या द्यायच्या? अजिबात नाही. बलात्कारात शिक्षा झालेला माणूस माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटवर मलाही नको. गंभीर गुन्ह्याला कडक बंदी हवीच. पण गंभीर कुठला आणि किरकोळ कुठला, हे ठरवायला नको का? २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकरीबाबत हेच सांगितलं. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा असेल तर मालकाने दुर्लक्ष करायला हरकत नाही. गंभीर गुन्हा असेल तर नोकरी नाकारता येते.

सोलापूरकरांना तरी हे वेगळं सांगायला नको. आपल्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण त्या वस्तीच्या नावाचा शिक्का पुसायला किती पिढ्या गेल्या ते आपण बघितलंय. एकदा बसलेला शिक्का पुसायची सोयच ठेवायची नाही, हीच ती जुनी खोड.

ब्रिटनने १९७४ मध्ये कायदा केला की छोट्या शिक्षेनंतर ठरावीक वर्षं नीट वागलास तर बहुतेक नोकऱ्यांसाठी ती शिक्षा संपली. आपल्याकडेही असा कायदा करा. आणि नेत्यांना वॉचमनपेक्षा सैल माप लावू नका.

पोरांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. पडताळणीच्या फॉर्मवर केस लपवू नका. लपवल्यामुळेही नुकसान होतं. आणि "दंड भर, सुटशील" असं कोणी म्हटलं तर सही करायच्या आधी वकिलाला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याबद्दल, म्हणजे प्रोबेशनबद्दल विचारा. त्याखाली सोडलं तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

त्या पोराला हे बारा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नाही. मत मागायला येणाऱ्याला आता तुम्ही विचारा: साहेब, तुमची पडताळणी कोणी केली?