पातळ तळाचे बूट आणि उमरठची वाट

सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले आणि त्यांचा देह मढे घाटाने कोकणात, पोलादपूरजवळच्या उमरठ या गावी आणण्यात आला, असे परंपरा सांगते. तानाजी आणि शेलारमामा यांच्या समाध्या उमरठला आहेत. सिंहगड, राजगड, तोरणा आणि त्यापलीकडे कोकणात उतरणाऱ्या या घाटवाटांवर अलीकडच्या काळात गिर्यारोहकांच्या जोडीने धावपटूही दिसू लागले आहेत. त्यांच्यातील काहींच्या पायांत एक निराळे पादत्राण असते: तळ जेमतेम काही मिलिमीटरचा, टाचेखाली गादी नाही, पुढचा भाग बोटे पसरता येतील इतका रुंद, काहींत तर प्रत्येक बोटाला हातमोज्यासारखा स्वतंत्र कप्पा. 'मिनिमलिस्ट' किंवा 'बेअरफूट' शूज या नावाने ते विकले जातात आणि त्यांची किंमत सहसा काही हजार रुपये असते. अनवाणी धावल्याचा अनुभव देणारे बूट, ही त्यांची जाहिरात. बूट घालून अनवाणी होण्यातली गंमत बाजूला ठेवली, तरी या दाव्यात तथ्य किती हा प्रश्न उरतोच.

या लाटेचा उगम शोधायला फार मागे जावे लागत नाही. मेक्सिकोतील ताराहुमारा आदिवासी जुन्या टायरच्या तुकड्यापासून केलेल्या चपला घालून डोंगरातून मैलोगणती धावतात, ही हकीकत सांगणारे ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे पुस्तक २००९ मध्ये आले आणि जगभरच्या धावपटूंनी ते उचलून धरले. टायरच्या चपला आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरांच्या पायांत होत्या. त्यांच्यावर मात्र कुणाला पुस्तक लिहावेसे वाटले नाही. पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मापासून अनवाणी धावणारी माणसे बहुधा टाचेवर न उतरता चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीवर आदळण्याचा पहिला जोरदार हादरा त्यांना जवळपास बसतच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. निबंधाने 'अनवाणी धावल्यास दुखापती टळतात' असे कोठेही म्हटले नव्हते. बाजाराने मात्र तेवढेच ऐकले.

पुढे जे घडले ते बोधप्रद आहे. पाच बोटांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'व्हायब्रम' कंपनीविरुद्ध २०१२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. पाय बळकट होतात, दुखापती कमी होतात, या जाहिरातींना शास्त्रीय आधार नाही, असा आक्षेप होता. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलरचा निधी देऊन तडजोड केली आणि पुराव्याविना असे दावे न करण्याचे मान्य केले. त्याआधी, २०१३ मध्ये, सरावलेल्या छत्तीस धावपटूंवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. त्यांच्यापैकी एकोणीस जणांना दहा आठवड्यांत हळूहळू या बुटांकडे वळवण्यात आले. एमआरआय तपासणीत त्यांपैकी दहा जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या उरलेल्यांत असा एकच आढळला. दहा आठवडे ही मुदत कंपनीच्या सल्ल्यापेक्षा घाईची नव्हती, हे विशेष.

यामागचे गणित अवघड नाही. धावताना जमिनीचा धक्का कोणत्या तरी सांध्याने, स्नायूने किंवा हाडाने सोसायचा असतो. गादीदार बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण दहा-बारा मिलिमीटर उंच असते. असा बूट घालून टाचेवर उतरणाऱ्याचा भार मुख्यतः गुडघ्यावर जातो. तळ सपाट झाला आणि पाऊल चवड्यावर पडू लागले, की तोच भार पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाच्या लांब हाडांकडे सरकतो. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याला आराम वाटतो. ज्याच्या पोटऱ्या वीस वर्षे उंच टाचेच्या बुटांत आखडल्या आहेत, त्याची टाचेमागची शीर दुखू लागते. भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. स्नायू काही आठवड्यांत सावरतात. शिरा आणि हाडे यांना महिने लागतात. श्वास आणि उत्साह मात्र पहिल्याच दिवशी तयार असतात आणि घोटाळा तेथेच होतो.

'नैसर्गिक' शैलीचा आग्रहही तपासून घ्यायला हवा. उत्तर केनियातील दासानाच जमातीची माणसे आयुष्यभर अनवाणी वावरतात. पण स्वतःच्या सवयीच्या लांब पल्ल्याच्या वेगाने धावताना त्यांतील बहुसंख्य टाचेवरच उतरतात, असे २०१३ मधील एका पाहणीत आढळले. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकले, हा दाखला नेहमी दिला जातो. पुरवलेले बूट पायाला नीट बसत नव्हते आणि अनवाणी सराव झालेला होता, हे त्यामागचे साधे कारण. चार वर्षांनी टोकियोत तेच बिकिला बूट घालून धावले आणि रोमपेक्षा तीन मिनिटांहून कमी वेळात विश्वविक्रमासह जिंकले. हा दुसरा दाखला सहसा दिला जात नाही. आज तर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला आहे. २०१७ पासून जाड, लवचीक फेसाच्या तळात कार्बनची पट्टी बसवलेले बूट आले, विक्रम कोसळू लागले आणि अखेर २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित करावी लागली.

महाराष्ट्रात अनवाणी धावण्याला दोन चेहरे लाभले आणि ते एकमेकांपासून फार दूरचे आहेत. एक मिलिंद सोमण यांचा. २०१६ मध्ये पन्नाशी ओलांडल्यावर ते अहमदाबाद ते मुंबई हे पाचशेहून अधिक किलोमीटरचे अंतर अनवाणी धावले. दुसरा लता भगवान करे यांचा. साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाईंनी पतीच्या तपासणीच्या खर्चासाठी २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात भाग घेतला. नऊवारी नेसून त्या अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या जीवनावरील मराठी चित्रपटात त्यांनी स्वतः काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. सोमण यांचे अनवाणीपण ही निवड आहे, विचारपूर्वक केलेली आणि दीर्घ सरावाने पेललेली. करे यांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच नव्हता. शहरी चर्चेत या दोन्ही गोष्टी 'प्रेरणा' या एकाच खात्यात जमा होतात, ही खरी अडचण आहे.

उमरठसारख्या गावाकडे या नजरेने पाहिले की अडचण अधिक ठळक होते. डोंगरउताराची वाट, जांभ्याचे टोकदार खडे, पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि चिखलाची भातखाचरे. येथे अनवाणी वाढलेल्या पिढ्यांचे तळवे राठ झाले, बोटे पसरली, पावलाची कमान घट्ट राहिली, हे खरेच. पातळ तळाचे बूट जे काही महिन्यांत देऊ पाहतात, ते या पायांनी बालपणापासून कमावलेले असते. पण त्याची किंमतही याच पायांनी मोजली आहे. महाड-पोलादपूरचा टापू लाल विंचवासाठी ओळखला जातो. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने लहान मुले दगावणे तेथे नित्याचे होते. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर उपयोगी पडते हे त्यांनी याच भागात रुग्ण तपासत दाखवून दिले. गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे पंचवीस-तीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. या कामाबद्दल २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश होतात ते बहुतेक हातापायांवर: जळणाचा भारा उचलताना, पेंढ्यात पाय पडताना, अंधारात अंगणात उतरताना. सर्पदंशाचेही तसेच. २००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंकुशकृमींची भर घालायला हवी. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून तळव्याच्या कातडीवाटे शरीरात शिरतात आणि रक्तक्षय घडवतात. येथला माणूस चप्पल मागतो ती फॅशन म्हणून नव्हे.

मग पातळ बुटांची कल्पनाच टाकाऊ ठरते काय? तसे नाही. पायाचे रक्षण करणे आणि पायाचे काम स्वतःकडे घेणे या पादत्राणाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा, काच, विंचू, चिखल यांच्यापासून वाचवायला चिवट आवरण लागते; जाड गादी, उंच टाच किंवा बोटे आवळणारे टोक लागत नाही. या संदर्भात मणिपाल येथील राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी आजही वाचण्याजोगी आहे. चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे त्यांनी तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. पादत्राणे वापरणाऱ्यांतही ते सर्वाधिक होते बंद बूट घालणाऱ्यांत. सँडल किंवा चप्पल घालणाऱ्यांत कमी. पावलाची कमान घडण्याच्या वयात पाय कशात कोंडला जातो याला महत्त्व आहे, हे यातून दिसते.

प्रौढ शहरी धावपटूसाठी यातून निघणारा मार्ग काहीसा कंटाळवाणा आहे. असे बूट पहिले काही आठवडे घरात आणि चालण्यापुरते वापरावेत. धावणे पाच-दहा मिनिटांपासून, आठवड्यातून दोनदा सुरू करावे आणि उरलेले अंतर जुन्याच बुटांत पुरे करावे. पावलाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखू लागल्यास थांबावे. हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची ती खूण असू शकते. मधुमेहींनी तर वैद्यकीय सल्ल्याविना या वाटेला जाऊच नये, कारण तळव्याची संवेदना मंदावलेली असेल तर जखम झाल्याचे कळतही नाही. आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असताना हा इशारा मोजक्यांपुरता राहत नाही. गुडघ्याची तक्रार नसलेल्या आणि सध्याच्या बुटांत सुखाने धावणाऱ्या माणसाने काहीच बदलले नाही, तरी त्याचे काही बिघडत नाही.

खरा निर्णय व्हायला हवा तो मुलांच्या पायांबाबत. राज्य शासनाने २०२३ मध्ये शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना बुटांचा एक जोड आणि पायमोज्यांचे दोन जोड देण्याचे ठरवले. त्यासाठी प्रतिविद्यार्थी १७० रुपये धरले गेले. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरून चालत शाळेत येणाऱ्या मुलाच्या पायांत काही तरी असावे, हा विचार योग्यच आहे. पण एवढ्या रकमेत येणारा बंद, कडक, अरुंद टोकाचा बूट कोकणच्या पावसात भिजला की दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि मूल तो पिशवीत घालून अनवाणीच चालू लागते. मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, हाताने दुमडता येईल पण काटा शिरणार नाही अशा तळाची सँडल त्याच मुलाला अधिक काळ वापरता येईल. पावसात ती लवकर वाळेल आणि वाढत्या पावलाला थोडी जागाही देईल. पुण्या-मुंबईच्या दुकानांत हजारो रुपयांना विकले जाणारे गुण नेमके हेच आहेत. खरेदीच्या अटींत ते लिहायला संशोधनाची नव्हे, एका परिच्छेदाची गरज आहे.