कार्टून मराठीत का बोलत नाहीत?

विशेष प्रतिनिधी
छत्रपती संभाजीनगर

मुकुंदवाडीच्या गल्ल्यांत सायंकाळी खेळणारी मुले लुटुपुटूच्या लढाईत सापडली की ‘वाचवा’ म्हणत नाहीत, ‘बचाओ’ म्हणतात. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या आधाराने मराठवाड्याच्या गावागावांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या घरात मराठी आहे, शाळेतही आहे. खेळात मात्र हिंदी शिरली आहे. या शहराला दखनी वळणाची हिंदी परकी नाही. पण मुलांच्या तोंडची ही हिंदी शहागंजच्या बाजारातली नसून ‘डोरेमॉन’ आणि ‘मोटू पतलू’ची आहे.

यात मुलांचा दोष नाही. चित्रपटांचा एक चाहता म्हणून प्रस्तुत प्रतिनिधीलाही ‘डोरेमॉन’ आवडतो. नोबिताचा आळस, त्याची भीती आणि मित्राच्या भरवशावरची धडपड कोणत्याही मुलाला आपली वाटावी अशीच आहे. त्यामानाने २००८ पासून गाजणारा ‘छोटा भीम’ साचेबद्ध वाटतो. लाडू खाल्ला की बळ येते आणि बळ आले की विजय ठरलेलाच! तरीही तो मुलांना प्रिय आहे, कारण त्याचे जग ओळखीचे आहे. खंत एवढीच, की या ओळखीच्या जगाची भाषा मराठी नाही.

विशेष म्हणजे, भारतीय अ‍ॅनिमेशनचा पाळणा महाराष्ट्रातच हलला. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतील काड्यांना पडद्यावर नाचविले. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला. एवढा वारसा असूनही ‘प्रभो शिवाजी राजा’सारखा पूर्ण लांबीचा मराठी अ‍ॅनिमेशनपट येण्यास २०१८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे बालनायकांचा तुटवडा आहे असेही नाही. ‘चिंटू’ २०१२ मध्ये आणि ‘फास्टर फेणे’ २०१७ मध्ये चित्रपटगृहात पोहोचले, पण जिवंत नटांच्या रूपाने. व्यंगचित्रातून जन्मलेल्या चिंटूलाही मोठ्या पडद्यावर रेषेची साथ मिळाली नाही.

कारण तंत्राचे नाही. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत परदेशी चित्रपटांची कामे होतात. खरे कारण बाजाराचे आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, मग वेगळ्या मराठी आवृत्तीवर खर्च कशाला, हा निर्मात्यांचा सरळ हिशेब. दक्षिणेत तो चालत नाही. म्हणूनच सन समूहाने २००७ ते २०११ या काळात तामीळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या काढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला जपानी ‘डेमन स्लेयर’ हिंदी, तामीळ आणि तेलुगूत बोलला, मराठीत नाही. हिंदी समजण्याची आपली सोयच अशी आपल्या मुळावर आली आहे.

हा केवळ पोरांचा प्रश्न आहे, असे म्हणून तो टाळता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘महावतार नरसिंह’ने ३०० कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमविला. एवढा गल्ला मुलांच्या खाऊच्या पैशांतून जमत नाही. आई-वडील आणि आजी-आजोबाही तिकीट काढून बसले होते. हा चित्रपटही हिंदीसह चार दाक्षिणात्य भाषांत आला. मराठी पुन्हा वगळली गेली.

अपवाद आहेत. ‘ईटीव्ही बालभारत’ने २०२१ मध्ये मराठी वाहिनी सुरू केली. २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती. म्हणजे हे अशक्य नाही. मात्र अशा प्रयोगांना मराठी प्रेक्षकानेच पाठ दाखविली, तर निर्मात्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले. गुंतवणूक आणि रोजगार हवेतच. परंतु मराठी तरुणांनी इथल्या संगणकांवर जगभरची पात्रे हलवायची आणि त्यांच्याच मुलांनी ती हिंदीत पाहायची, हे किती दिवस चालणार? या धोरणाचे फलित मोजताना मराठीत किती मालिका आणि चित्रपट तयार झाले, हाही आकडा मागितला पाहिजे. तो मागण्याची जबाबदारी पालक आणि प्रेक्षक म्हणून आपली आहे.